मिरजेचे डॉ. वानलेस आणि दुसरा हात

वाचकहो, मिरज स्टेशनच्या फलाटावर सकाळची गाडी येऊन थांबली की उतरणाऱ्यांत एक प्रकारचा उतारू आपल्या नजरेस हमखास पडतो. बगलेत क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट, हातात कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा, आणि सोबतीला धाकटा भाऊ किंवा मुलगा. कोणी कोरेगाव-कराडकडचा असतो, कोणी तासगावचा, कोणी पार कर्नाटकातला. त्याला विचारावे लागत नाही. तो इलाज करून घेण्यासाठी आलेला असतो.

मिरजेस इलाजासाठी यावयाचे ही सवय आपल्या मुलखास कोणी लावली? सांगलीहून मिरजेकडे जाताना विश्रामबागेजवळ वानलेसवाडी लागते. बसमध्ये आपण हे नाव सहज उच्चारतो, पण ते एका माणसाचे आडनाव आहे हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. सर विल्यम जेम्स वानलेस हा तो माणूस. त्यांची जीवनकथा या लेखात सांगावयाची आहे. परंतु ती जन्म, शिक्षण, सन्मान आणि मृत्यू अशा ओळीने सांगून भागणार नाही. अलीकडे आपल्या कानांवर एक नवी गोष्ट येते. कोणाच्या तरी अन्ननलिकेतली किंवा आतड्यातली गाठ पोट न फाडता, तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे दुर्बीण घालून आतल्या आत सोलून काढली म्हणून सांगतात. ऐकणारा थक्क होतो आणि मग एक रास्त शंका विचारतो: एवढ्याशा नळीतून एकाच हाताने हे कापतात तरी कसे? या शंकेचे उत्तर आणि वानलेससाहेबांचे आयुष्य यांचा परस्परांशी जवळचा संबंध आहे. तो दाखविण्यासाठीच हा खटाटोप.

प्रथम कापण्याविषयीच थोडे बोलू. बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीच्या बकऱ्याचे कातडे उतरविताना आपण पाहिले असेल. मुरलेला खाटीक सुरी फारशी चालवीतच नाही. डाव्या मुठीत कातडे धरून तो ते सतत ताणून ठेवतो. ताण बसताच कातडे आणि मांस यांच्यामध्ये पांढुरकी, जाळीदार झिल्ली उघडी पडते. तेवढ्याच झिल्लीवर सुरीचे टोक फिरवावयाचे. कातडे फाटत नाही, मांसालाही इजा होत नाही. नवशिक्याचे मात्र हटकून उलटे होते. त्याचे सारे लक्ष सुरीवर असते, डावा हात सैल पडतो आणि कातड्याला भोक पडते. शेतात विळ्याने गवत कापणाऱ्या बाईचेही हेच आहे. डाव्या मुठीत पेंढी आवळून धरली नाही तर विळा कितीही धारदार असो, गवत नुसते वाकते.

शस्त्रवैद्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंदलुसमध्ये, कुर्तुबा शहराजवळच्या अझ-झहरा येथे अबुल कासिम अझ-झहरावी नावाचे थोर शस्त्रवैद्य होऊन गेले. ‘किताब अल-तसरीफ’ या त्यांच्या ३० भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रे आहेत. नाकात वाढलेले मांस कसे काढावे हे सांगताना ते रुग्णास उन्हाकडे तोंड करून बसवावयास सांगतात. मग बारीक आकडा त्या मांसात अडकवून ते बाहेर ओढावयाचे आणि नंतर पात्याने कापावयाचे. आकडा आधी, पाते मागाहून. बाराव्या शतकात हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातील शस्त्रवैद्य त्यावरच शिकले.

आता आपल्या कथानायकाकडे वळू.

विल्यम वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील आँटेरिओ प्रांतात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतले आणि १८८९ साली पदवी मिळविली. त्याच वर्षी मेरी मार्शल या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि दोघेही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हिंदुस्थानात आले. त्यांचा मूळ हेतू धर्मप्रचाराचा होता, हे लपविण्याचे काही कारण नाही. त्यांनीही तो कधी लपविला नाही. आपण त्या हेतूशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. प्रस्तुत लेखकाला येथे कर्तव्य आहे ते त्यांच्या हातांशी.

त्यांचा पहिला मुक्काम सांगलीत पडला. तेथे त्यांनी छोटासा दवाखाना उघडला. त्या काळची सांगली म्हणजे आजच्या जिल्ह्याचे ठाणे नव्हे. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची वेगवेगळी संस्थाने होती, तर तासगाव, वाळवा, खानापूर हा मुलूख इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात मोडत होता. १९४९ साली साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सातारा आणि सांगली अशी नावे आपण वेगवेगळी घेतो, पण रोग्यांना त्या सरहद्दी कधी ठाऊक नव्हत्या. त्यांचे रस्ते कृष्णाकाठाने एकमेकांत मिसळलेलेच होते.

त्या काळी पोटात गाठ होणे म्हणजे काय होते याची आज कल्पना करणेही कठीण आहे. गळू फोडणे, हाड बसविणे, मोतीबिंदू सुईने खाली पाडणे एवढे जाणते लोक गावोगाव करीत. परंतु पोट उघडणे ही गोष्ट युरोपातही नुकतीच सुरू झालेली होती. व्हिएन्नाच्या बिलरोथ या शल्यविशारदाने कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग कापून उरलेले जठर आतड्याला यशस्वीपणे जोडले ते १८८१ सालच्या जानेवारीत. त्या बाईही पुढे काही महिनेच जगल्या. म्हणजे वानलेस सांगलीत उतरले तेव्हा या विद्येचे वय जेमतेम आठ-नऊ वर्षांचे होते. गिळता येईनासे झालेला माणूस उपाशी राहून खंगत जाई. घरचे लोक त्याच्या उशाशी बसून राहत. त्यांनी दुसरे करावे तरी काय?

सांगलीत थोडा काळ काढून वानलेस मिरजेस आले. मिरज हे आगगाडीचे जंक्शन होते. दक्षिण मराठा रेल्वेचा पुण्याहून येणारा लोहमार्ग १८९० च्या सुमारास सुरू झाला आणि १८९१ साली कोल्हापूरचा फाटा मिरजेस जोडला गेला. अंगात त्राण नसलेल्या माणसाला बैलगाडीतून चार दिवस नेणे वेगळे आणि कराडला गाडीत निजवून मिरजेस उतरविणे वेगळे. फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी दिलेल्या देणगीतून मिरजेत मिशन रुग्णालय उभे राहिले आणि १८९४ साली सुरू झाले. हे कॉन्व्हर्स आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या प्रसिद्ध बाल्डविन कारखान्याचे एक भागीदार होते. इंजिनांच्या नफ्यातून इस्पितळ बांधावे आणि इंजिनांनीच तेथे रोगी आणून पोचवावेत, हा योगायोग मोठा मजेचा आहे.

रुग्णालय झाले, टेबल आले, क्लोरोफॉर्म आले. हत्यारे निर्जंतुक करावीत, हात स्वच्छ करावेत, जखमेत जंतू शिरू देऊ नयेत ही लिस्टर यांची शिकवण वानलेस यांच्या पिढीत रुजलेली होती. परंतु शस्त्रक्रिया एकट्याने होत नाही, आणि ही अडचण पैशाने सुटणारी नव्हती.

वाचकहो, हे नीट समजून घेऊ. पोट उघडले म्हणजे आतडी जागच्या जागी थांबत नाहीत. ती ओली, निसरडी असतात आणि श्वासाबरोबर सारखी हलतात. जखमेच्या कडा आपोआप मिटू पाहतात. यकृताची कडा मध्ये येते. एकाने रिट्रॅक्टर नावाच्या वाकड्या पट्टीने कड मागे ओढून धरावी लागते, दुसऱ्याने आतडे हलकेच बाजूस सारून ठेवावे लागते, तिसऱ्याने रक्त टिपावे लागते, आणि चौथा क्लोरोफॉर्म देता देता नाडीवर बोट ठेवून असतो. ओढून धरणाऱ्याने जोर जास्त केला तर नाजूक ऊतक फाटते, कमी केला तर शस्त्रवैद्याला काही दिसतच नाही. आणि हे धरणे दोन मिनिटांचे नसते. हाताला रग लागते, खांदा भरून येतो, तरी पट्टी हलता कामा नये. प्रेक्षकाला शस्त्रवैद्याची सुरी दिसते. या बिनबोलत्या हाताकडे कोणाचे लक्ष जात नाही.

असा हात १८९४ च्या मिरजेत कोठून आणावयाचा? मेरीबाई स्वतः शिकलेल्या परिचारिका होत्या, हे वानलेस यांचे भाग्य. पण एका बाईच्या बळावर रुग्णालय चालत नाही. समुद्रापलीकडून डॉक्टर मागवावेत तर महिनोन् महिने वाट पाहावी लागणार, आणि आलेल्याला मराठीचे अक्षर समजणार नाही. तेव्हा याच मुलखातली तरुण मुले घेऊन त्यांना शिकविणे, हाच मार्ग होता. वानलेस यांनी १८९७ साली मिरजेस वैद्यकीय विद्यालय सुरू केले. मिशन रुग्णालयाशी जोडलेली, पुरुष विद्यार्थ्यांसाठीची या देशातील ती पहिलीच शाळा समजली जाते. त्याच सुमारास परिचारिकांचेही शिक्षण तेथे सुरू झाले.

आमच्या मते वानलेस यांच्या चाळीस वर्षांतील सर्वांत मोलाचे काम हेच. मोतीबिंदू आणि मूतखड्याच्या शस्त्रक्रिया त्या काळी इतरत्रही होत होत्या आणि कुशल हाताचे इतर साहेबही या देशात होते. पुष्कळांची विद्या त्यांच्याबरोबर बोटीत बसून परत गेली. वानलेस यांनी मात्र टेबलाच्या पलीकडच्या बाजूस माणसे उभी केली. आज पट्टी धरणारा विद्यार्थी उद्या टाके घालू लागे आणि परवा कोठेतरी स्वतःचा दवाखाना थाटून बसे. तेथे त्यालाही पट्टी धरणारा कोणीतरी लागे. मग त्याला शिकविणे आले. असे हे लोण पसरत गेले.

या साऱ्याला त्या वर्षांची पार्श्वभूमी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने पाय ठेवला आणि नंतरच्या वर्षांत तो सातारा-सांगलीकडेही पसरला. गावेच्या गावे माळरानावर झोपड्यांत राहावयास गेली. शतक संपता संपता दुष्काळ आला. अशा दिवसांत नवे विद्यालय चालविणे म्हणजे काय असेल, हे शाळा चालविणाऱ्या कोणासही उमगेल. शिवाय १९०६ साली मेरीबाई वारल्या. सतरा वर्षांपूर्वी ज्यांच्यासोबत ते या देशात आले होते, त्या गेल्या. कोल्हापुरात मिशनने उभारलेल्या रुग्णालयास ‘मेरी वानलेस’ हे नाव मिळाले आणि कोल्हापूरकरांच्या तोंडी ते रुळले. शस्त्रवैद्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या परिचारिकेचे नाव एका रुग्णालयास असावे, हे आम्हाला फार योग्य वाटते.

वानलेस खचून परत गेले नाहीत. मिरजेतील कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानामागे त्यांचे श्रम होते. १९२० साली त्यांनी क्षयरोग्यांसाठी मोकळ्या हवेतील आरोग्यधाम स्थापन केले, तीच आजची वानलेसवाडी. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न हाच काय तो उपचार. सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले आणि १९२८ साली ‘सर’ हा किताब. त्याच साली ते निवृत्त होऊन अमेरिकेस परतले. १९३२ साली त्यांनी आपल्या येथील कामाची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे डॉ. चार्ल्स व्हेल यांनी रुग्णालयाची धुरा वाहिली. पुढे १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्या वेळी याच रुग्णालयाचे सहकार्य त्यास लाभले.

चरित्र येथे संपले असते. पण आपली शंका अजून शिल्लक आहे.

वानलेस यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, जर्मनीत शिंडलर यांनी जठरात डोकावण्याची अर्धवट वाकणारी दुर्बीण तयार केली. त्यापूर्वी १८६८ साली कुसमाउल या जर्मन वैद्याने तलवार गिळून दाखविणाऱ्या खेळकऱ्याच्या घशातून सरळ नळी उतरवून पाहिली होती, परंतु आत उजेड पुरेना. काचतंतूंची खरोखर लवचिक दुर्बीण १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी बनविली. बघता येऊ लागले, तसे कापण्याचेही मनात आले. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ यांनी मोठ्या आतड्यातील देठाची गाठ तारेच्या फासात पकडून विजेने कापली. देठ असेल तर हे सोपे. पण कर्करोगाची अगदी पहिली अवस्था पुष्कळदा देठाची नसतेच. भिंतीवर शेवाळ पसरावे तशी ती चपटी पसरलेली असते. ती तुकड्यातुकड्याने काढली तर एखादा कण मागे राहण्याचे भय. सबंध चकती एकसंध उतरविली पाहिजे.

ही विद्या जपानमध्ये १९९० नंतरच्या वर्षांत आकारास आली. गाठीच्या खालच्या थरात सुईने निळसर द्राव भरून ती फुगवून उचलतात, सभोवार वर्तुळ कापतात आणि मग खालचा विरविरीत थर विजेच्या बारीक सुरीने हळूहळू छेदीत संपूर्ण चकती सोडवतात. बकऱ्याचे कातडे आठवा. तीच पांढरी झिल्ली, तसाच कातडे आणि मांस यांच्या मधला प्रवास. फरक इतकाच की येथे मांस म्हणजे आतड्याच्या स्नायूचा थर असतो, त्याची जाडी अवघी काही मिलिमीटर असते, आणि सुरी तिरकी झाली तर आरपार छिद्र पडते. छिद्र पडले म्हणजे आतली घाण पोटाच्या पोकळीत किंवा छातीत उतरण्याचा धोका. जे टाळण्यासाठी दुर्बीण घातली, ते मोठे ऑपरेशनच मग काही वेळा करावे लागते.

आणि येथे डावा हात नाही! दुर्बिणीतून साधारणपणे एका वेळी एकच हत्यार आत जाते. सुरी घातली की चिमट्याला जागा उरत नाही. कडा सोडविली की चकती सैल होऊन सुरीवरच पडते आणि कापावयाची जागा झाकून टाकते. वानलेस यांच्यासमोर १८९४ साली जो प्रश्न उभा होता, तोच शंभर वर्षांनी या लोकांसमोर उभा राहिला: ओढून धरणारा कोठून आणावा?

उपाय निघाले ते मोठे गमतीचे आहेत. पहिला आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे पृथ्वीची ओढ. रुग्णाला अशा कुशीवर वळवावयाचे की सुटलेली चकती स्वतःच्या वजनाने खाली लोंबेल. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवून तिने कडा थोडी उचलून धरतात, तीही कामास येते. पण खरी युक्ती दोऱ्याची. एका लहान धातूच्या क्लिपला साधा, पण मजबूत दोरा बांधावयाचा. दात साफ करावयाचा धागासुद्धा चालतो. ती क्लिप दुर्बिणीतून आत नेऊन चकतीच्या सोडविलेल्या कडेला लावावयाची, आणि दोऱ्याचे दुसरे टोक रुग्णाच्या तोंडाबाहेर राहू द्यावयाचे. बाहेर उभा असलेला सहायक ते टोक हलकेच ओढून धरतो. आत कडा उचलली जाते, झिल्ली ताणली जाऊन उघडी पडते आणि सुरीला वाट दिसते. म्हणजे पाहा, कोट्यवधींची यंत्रसामग्री भोवती आहे आणि काम अडते ते हातभर दोऱ्याशी आणि तो धरणाऱ्या माणसाशी.

येथेही जोराचा हिशेब आलाच. मिरजेत सतार आणि तंबोरे घडविणाऱ्यांची जुनी घराणी आहेत. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते तंतुवाद्यांकडे वळले. धार आणि तार या दोहोंचे मर्म एकाच घरात जाणणारी ही माणसे. खुंटी किती पिळावी हे ज्याला कळते त्याला दोऱ्याचे हे काम सांगावे लागणार नाही. सैल तार बोलत नाही, फाजील ताणलेली तुटते. दोरा फार ओढला तर क्लिप निसटून चकती फाटते. आणि त्याहून वाईट म्हणजे खालचा स्नायूही तंबूसारखा वर उचलला जाऊन नेमका सुरीच्या वाटेत येतो.

ओढ कोणत्या दिशेने असावी हाही प्रश्न आहे. अन्ननलिका सरळ असल्याने तोंडाकडची ओढ तेथे चांगली लागू पडते. जठर मात्र पखालीसारखे. त्यात गाठ कोणत्या बाजूस आहे त्यावर ओढीचा उपयोग ठरतो. अशा वेळी समोरच्या भिंतीवर दुसरी क्लिप लावून तिच्यावरून दोरा वळवून घेतात. आपल्याकडे मोटेचा नाडा विहिरीच्या चाकावरून वळतो, बैल उताराकडे चालतात आणि मोट सरळ वर येते, तोच न्याय. मोठ्या आतड्यात खोलवर बाहेरून दोरा नेणे अवघड जाते. तेथे गाठ आणि समोरची भिंत यांच्यामध्ये लहान रबरी कडे किंवा बारीक स्प्रिंग क्लिपांनी अडकवितात. आतड्यात वायू भरून ते फुगविले की रबर ताणले जाते आणि ओढ आपोआप बसते.

या साऱ्याने खरोखर किती फायदा होतो? जपानमधील अनेक रुग्णालयांनी मिळून याच्या चाचण्या घेतल्या आहेत. अन्ननलिकेच्या गाठींत दोऱ्याच्या ओढीमुळे साधारण एक तासाचे काम सुमारे ४५ मिनिटांवर आले. जठराच्या गाठींत सरसकट वेळ वाचल्याचे दिसले नाही. मात्र छिद्र पडण्याचे प्रमाण कमी आढळले, आणि जठराच्या काही अवघड जागी वेळही वाचला. म्हणून प्रत्येकाला दोरा बांधलाच पाहिजे असे नाही. कोठे, केव्हा आणि किती ओढावयाचे हे शिकावे लागते.

ही चकती-सोलाई फक्त अगदी सुरुवातीच्या, वरच्या थरातच असलेल्या गाठींसाठी आहे, हेही आपण ध्यानात ठेवावे. गिळताना घास अडकणे, शौचावाटे रक्त पडणे, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे पुष्कळदा उशिरानेच दिसतात. म्हणून ती दिसताच घरगुती उपायांत दोन महिने न दवडता तपासणी करून घ्यावी. मिरजेची गाडी तर रोजच आहे.

चकती पूर्ण सुटली म्हणजे ती हलकेच बाहेर आणतात. बाहेर येताच ती आक्रसून गोळा होऊ लागते. म्हणून तिला लगेच बुचाच्या किंवा फोमच्या पाटीवर पसरवून चहूबाजूंनी बारीक टाचण्या टोचतात आणि मगच फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. शरीराबाहेर आल्यावरही तिला ताणून धरावे लागते. अशी ताणलेली असली तरच सूक्ष्मदर्शकाखाली कडा वाचता येते, आणि रोग संपूर्ण निघाला की काही मागे राहिला, हे त्या कडेवरूनच ठरते. त्या अहवालाला काही दिवस लागतात. तोवर तो उतारू पिशवी उशाला घेऊन गावी वाट पाहत असतो.